बडोद्यातील मराठी घरमालकांना आणि संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र : आपल्या कुलूपबंद खोल्यांविषयी

सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला आहे आणि काही आठवड्यांत पदव्युत्तर वर्गांचे प्रवेश सुरू होतील. त्याआधी हे पत्र आपल्या वाचनात यावे अशी माझी इच्छा आहे, कारण एकदा जुलै उजाडला की खोली शोधणाऱ्या बाहेरगावच्या मुलांचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

मी दांडिया बाजारात वाढले, लग्नानंतर रावपुऱ्यात आले आणि छोटा उदेपूरच्या बाजूला असलेल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी महाविद्यालयात तेवीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. या तेवीस वर्षांत मी सकाळच्या एस.टी.ने बडोद्याहून जात असे आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत येत असे. त्याच गाडीने आसपासच्या गावांतली मुलेही चढत-उतरत असत, त्यामुळे वर्गात जे कळले नाही ते मला बसमध्ये कळले. कोण कुठे राहते, कोण काय खाऊन आले आहे, कोणाची खोली सुटली आहे आणि त्यामुळे कोण आता येणार नाही, हे हजेरीपटावर लिहिलेले नसते. शेवटच्या बाकावरची मुलगी आठवडाभर दिसली नाही की आम्ही ‘अनियमित’ अशी नोंद करीत असू, आणि ती नोंद खोटी नसली तरी तिच्यात सांगण्यासारखे काहीच नसे.

त्या गावात महाविद्यालय आहे, पण महाविद्यालयाला वसतिगृह नाही. सरकारची आदिवासी छात्रालये आहेत, त्यांत मुले राहतातही. परंतु ज्यांना तिथे जागा मिळत नाही, अशांची संख्या दर वर्षी वर्गात समोर बसलेली दिसे. ज्यांचे गाव फाट्यापासून आत सात-आठ किलोमीटर आहे आणि शेवटची गाडी संध्याकाळी साडेपाचला सुटते, त्यांना गावात खोली घेण्यावाचून गत्यंतर नसते. अशा एका खोलीत मी पहिल्यांदा गेले ती एका विद्यार्थिनीला विषमज्वर झाला तेव्हा. धान्याच्या दुकानावरची दहा बाय बाराची ती खोली, वर पत्रा, आणि तिच्यात पाच मुली. पुस्तके पत्र्याच्या पेटीत होती आणि मक्याचे पीठ छताच्या कडीला टांगलेल्या पिशवीत होते, कारण खालच्या दुकानातले उंदीर दोन्ही खात. पाणी सकाळी सहा ते पावणेसात एवढेच येई आणि ते खालून वर न्यावे लागे. शौचालय दुकानाच्या मागे होते व त्याची किल्ली दुकानदाराकडे असे, म्हणजे दुकान बंद झाल्यानंतर सकाळपर्यंत त्या मुलींनी काय करायचे, हे कोणी विचारले नव्हते. मीही ते त्याच दिवशी प्रथम विचारले, आणि तोपर्यंत मला तिथे शिकवायला लागून नऊ वर्षे झाली होती.

या मुलींचा आठवडा पिठाने मोजला जाई. शनिवारी दुपारी त्या घरी जात, सोमवारी सकाळी पीठ, मिरची आणि थोडी तुरीची डाळ घेऊन येत. पीठ गुरुवारी संपले तर शुक्रवार वर्गात निघे, पण डोळे जड असत. पेरणी आणि मक्याची कापणी या दोन्ही वेळांना घरी हात लागत. होळीच्या आठवड्यात तर त्या भागात कोणी वर्गात बसावे ही अपेक्षाच चुकीची आहे, कारण तिकडे वर्षाचा मोठा सण तो. त्याहून कठीण दिवस सणानंतर येत. घरची मंडळी सौराष्ट्रात शेतमजुरीला किंवा बांधकामावर निघून गेली की शनिवारी जायला घर असे, पण घरात माणूस नसे. मग ती मुलगी खोलीतच राही आणि सोमवारचे पीठ शेजारणीकडून उसने घेई. असे असूनही त्या पाचपैकी चौघी तिसऱ्या वर्षाला पोहोचल्या आणि दोघींना प्रथम श्रेणी मिळाली.

त्या दुकानदाराविषयी मी वरचे लिहिले आहे, म्हणून त्याच्या बाजूचेही लिहिले पाहिजे. त्याने खोली दिली होती. पोरींनो, भाडे कोण भरणार आणि दहा तारखेच्या आत भरणार का, एवढेच त्याने विचारले होते. किल्लीचा विषय मी काढला तेव्हा तो वरमला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्यांना वेगळी किल्ली करून दिली. कमाई बेताची आणि जागा अपुरी असलेल्या माणसाने जे दिले त्यात उणिवा होत्या, पण दार त्याने उघडले होते. आपल्याकडे जागा पुष्कळ आहे, आणि मी आता ज्या दाराविषयी लिहिणार आहे ते आपले आहे.

पदवी मिळाल्यावर पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलांना बडोदेच गाठावे लागते. 1949 साली स्थापन झालेले आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यांच्या दृष्टीने जवळचे आणि सर्वांत मोठे. 2024 पासून राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश एका सामाईक संकेतस्थळावरून होतात, त्यामुळे कवांट किंवा नसवाडीच्या मुलीला अर्ज भरण्यासाठी बडोद्यात खेटे घालावे लागत नाहीत. गावातल्या एखाद्या सायबर कॅफेत बसून तिला जागा मिळते. पण ती जागा वर्गातली असते. राहण्याची जागा मात्र अजूनही दारोदार फिरूनच शोधावी लागते. विद्यापीठाची वसतिगृहे आहेत, सरकारचे समरस छात्रालय आहे आणि तिथे गुणवत्ता यादीप्रमाणे प्रवेश मिळतात. यादीच्या खाली राहिलेल्यांना फतेहगंज आणि सयाजीगंजातल्या पी.जी., म्हणजे पेइंग गेस्टच्या खोल्या, असतात, ज्यांचे महिन्याचे भाडे त्यांच्या घरच्या महिन्याच्या मजुरीला जड जाते. उरते जुने शहर. आणि जुन्या शहरात, मांडवीपासून बाबाजीपुऱ्यापर्यंत आणि दांडिया बाजारापासून खारीवाव रस्त्यापर्यंत, वाडे व जुनी घरे मोठ्या प्रमाणावर आपली आहेत.

सहा वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये मी माझ्या एका विद्यार्थिनीला घेऊन खोली शोधायला निघाले. वर सांगितलेल्या दोन प्रथम श्रेणींपैकी एक तिची होती. माझ्या ओळखीची घरे असल्यामुळे दोन-तीन ठिकाणी काम होईल असे मी तिला मोठ्या खात्रीने सांगितले होते. त्या दिवशी आम्ही सात घरे पाहिली आणि सातही मराठी घरे होती. पहिल्या तीन ठिकाणी खोली खरोखरच रिकामी नव्हती. चौथ्या ठिकाणी मुलगे हवे होते, पाचव्या ठिकाणी नोकरदार मुली. सहाव्या घरी काकूंनी आम्हांला ओसरीवर बसवले, पाणी दिले, चहा ठेवला. मागच्या चौकातली खोली दोन वर्षांपासून बंद आहे, कोणी राहिले तर घर जागते राहील, असे त्या आपण होऊन म्हणाल्या आणि खुंटीवरची किल्ली काढून उठल्या. चौकातून जाता जाता त्यांनी मागे वळून विचारले, ‘‘आडनाव काय गं तुझं?’’ तिने सांगितले. काकू तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या की खोलीत सामान आहे, ते आधी काढायला हवे, मुलाला विचारून कळवते. किल्ली त्यांनी पुन्हा खुंटीवर अडकवली. चहा मात्र दिला, आणि तो आम्ही प्यालो.

बाहेर आल्यावर ती मुलगी मला म्हणाली, ‘‘बेन, सातव्या घरी तुम्ही एकट्याच जाऊन विचारून या ना.’’ मी गेले. तिथे नकार मिळाला तो मला एकटीला मिळाला, एवढाच फरक.

तिने पहिले सत्र रोज ये-जा करून काढले. पहाटे साडेचारला उठायचे, फाट्यापर्यंत चालायचे, मिळेल त्या वाहनाने बोडेलीला यायचे आणि तिथून बडोदे. जाऊन-येऊन पाच तास. डिसेंबरनंतर ती आली नाही. मी फोन केला तेव्हा तिने कारण प्रकृतीचे सांगितले आणि मी ते ऐकून घेतले. आज ती तिच्या तालुक्यात एका खासगी शाळेत शिकवते. जे वाया गेले ते तिचे एम.ए. होते, आणि ते कोणी हिरावून घेतले असे म्हणता येईल असा एकही माणूस त्या सात घरांत नव्हता. सगळे सभ्य होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून मी घरी आले. माझ्या स्वतःच्या घरी माडीवर एक खोली बंद होती. मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यापासून तिच्यात गणपतीच्या मखराचे सामान, सासूबाईंची पितळी भांडी, मोडका पाळणा आणि जुन्या अंकांचे गठ्ठे होते. इतरांच्या सात दारांवर मी तिला नेले आणि आठवे दार माझे होते, हे माझ्या मनातही आले नाही. ते मनात आले डिसेंबरात, तिचा फोन ठेवल्यानंतर. म्हणून या पत्रात मी जे आपल्याकडे मागते आहे, ते मी स्वतः उशिराने आणि एका मुलीचे वर्ष गेल्यावर केलेले आहे.

आपल्या शहरात खोली नाकारली जाण्याचा एक प्रसंग साऱ्या देशाला ठाऊक आहे. सप्टेंबर 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी इथे आले. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते आणि अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून परतले होते. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशी जमाव जिन्याने वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना बजावून गेला. सरकारी निवासासाठी त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. दोन मित्रांकडे, एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे, ते गेले आणि दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कमाटीबाग म्हणजे आपली सयाजीबाग, जिथे आपण नातवंडांना घेऊन जातो, आणि ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

हा प्रसंग सांगताना काठ्यांचा भाग आपण पुष्कळदा सांगतो, कारण त्या काठ्या आपल्या नव्हत्या. मला मात्र त्या अकरा दिवसांत मराठी घरांनी काय केले हा प्रश्न पडतो. राजा मराठी होता, दरबारात मराठी होती, जागा शोधणाऱ्या त्या तरुणाची मातृभाषा मराठी होती, आणि त्याच शहरात आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे वाडे होते. एका महाराजांनी समुद्रापलीकडे शिकायला पाठवलेल्या माणसाला त्याच महाराजांच्या गावात एक खोली मिळाली नाही. राजाची इच्छा शिष्यवृत्ती देऊ शकते. खोलीची किल्ली मात्र ज्याच्या त्याच्या खुंटीवर असते.

आपण स्वतः इथे कसे आलो, हेही आठवून पाहावे. माझे आजोबा वयाच्या चौदाव्या वर्षी रत्नागिरीहून बडोद्याला आले. दूरच्या नात्यातल्या एका घरी माजघराच्या कोपऱ्यात त्यांची वळकटी असे आणि जेवण सात घरी वार लावून होई. सोमवारी कोणाकडे, मंगळवारी कोणाकडे, हे त्यांना म्हातारपणीही पाठ होते, आणि ज्या घरी गुरुवारी ताटावर तूप वाढले जाई त्या घराचे नाव ते निघताना हात जोडून घेत. आपल्यापैकी किती घरांची सुरुवात अशा एखाद्या वळकटीने झाली असेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा. वाराचे ताट जात पाहूनच वाढले जाई, हेही मी विसरत नाही. आजोबांना जे मिळाले ते त्यांच्या बरोबरीच्या दुसऱ्या मुलाला मिळाले नसते. म्हणून ती रीत जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणत नाही. तिच्यातला शिकणाऱ्याला जागा देण्याचा भाग घ्यावा आणि आडनाव विचारण्याचा भाग सोडावा.

आता आपल्या मनातल्या भीतीविषयी, कारण ती मला ठाऊक आहे आणि ती सगळीच अनाठायी नाही. पहिली भीती घर जाण्याची. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या पंधरा-वीस रुपयांवर बसलेले ज्या वाड्यांनी पाहिले आहेत, त्या वाड्यांचे मालक खोली रिकामी ठेवतात याचे मला नवल वाटत नाही. माझ्या सासऱ्यांनीही अशा एका खटल्यात सतरा वर्षे घालवली. परंतु विद्यार्थ्याला खोली देताना भाडेपट्टा करण्याची गरज नसते. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात, म्हणजे 1882 च्या इझमेंट्स कायद्याप्रमाणे, आपण केवळ वापराची परवानगी देतो. जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. असा करार मुद्रांकावर अकरा महिन्यांसाठी करावा, त्यात विद्यार्थ्याचे महाविद्यालयाचे ओळखपत्र व पालकाची सही घ्यावी, आणि पोलिस ठाण्यात राहणाऱ्याची माहिती द्यावी, जी द्यायची असतेच. शैक्षणिक वर्षही साधारण तेवढ्याच महिन्यांचे असते. परीक्षा संपली की मुले स्वतःच सामान आवरतात, कारण त्यांना घरी जायचे असते. जी व्यक्ती मेमध्ये आपल्या गावी परतण्यासाठी दिवस मोजते, ती आपले घर बळकावील, ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

दुसरी भीती वागणुकीची, आणि तिच्याबद्दल मी गेल्या साडेपाच वर्षांच्या अनुभवाने सांगू शकते. माझ्या माडीवर आतापर्यंत सहा मुली राहून गेल्या, एका वेळी दोन. अडचणी आल्या. पहिल्या वर्षी पाण्यावरून माझी कटकट झाली, कारण टाकी भरण्याची वेळ मी सांगितलीच नव्हती आणि त्या मात्र सवयीने पहाटेच सगळ्या बादल्या भरून ठेवत. विजेचे बिल वाढले, तेव्हा मी वेगळा मीटर लावला आणि प्रश्न मिटला. एकदा एक मुलगी रात्री साडेदहापर्यंत आली नाही आणि माझा जीव टांगणीला लागला. ती ग्रंथालयातून निघून बसची वाट पाहत उभी होती आणि तिच्या फोनमध्ये रिचार्ज नव्हते. तेव्हापासून माझ्याकडचा एक जुना फोन त्या खोलीतच असतो. शेजारच्यांनी सुरुवातीला तक्रार केली की अनोळखी लोक जिन्याने ये-जा करतात. अनोळखी लोक म्हणजे एका मुलीचे वडील होते. ते पावसात चार तास प्रवास करून मक्याची कणसे द्यायला आले होते आणि पायातल्या चपला खालीच काढून अनवाणी वर चढले होते. ती कणसे मी शेजारी नेऊन दिली. त्यानंतर तक्रार आली नाही.

खाण्यापिण्याचा प्रश्न विचारला जातोच, म्हणून तोही टाळत नाही. आपल्या घरात मांसाहार शिजू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी तसे सांगावे. तो त्यांचा अधिकार आहे आणि मुले तो पाळतात. पण ही अट येणाऱ्या प्रत्येकाला सारखी सांगावी. आडनाव ऐकल्यावर ती आठवू नये.

भाड्याबद्दल थोडक्यात लिहिते. मी दोघींचे मिळून दरमहा तीन हजार रुपये घेते, डिपॉझिट म्हणून एक महिन्याचे भाडे घेते आणि पेरणीच्या दिवसांत भाडे उशिरा आले तर थांबते. यात दान काही नाही. बंद खोलीतून मला पूर्वी एक रुपयाही मिळत नव्हता आणि वाळवी मात्र लागली होती. यातून संसार चालणार नाही, पण घरपट्टी आणि दर वर्षीची कौलांची डागडुजी भागते.

विश्वस्तांना स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण त्यांच्या हातात एकेका खोलीपेक्षा बरेच अधिक आहे. या शहरात आपल्या अनेक संस्थांच्या वास्तू आहेत: कुठे कार्यालय, कुठे धर्मशाळा, कुठे पूर्वी चाललेले आणि आता कुलूप लागलेले विद्यार्थिगृह. लग्नसराईचे दिवस सोडले तर वरच्या मजल्यावरच्या खोल्या वर्षभर गाद्या-सतरंज्या ठेवायला वापरल्या जातात. काही विश्वस्तांशी माझे बोलणे झाले. त्यांचा आक्षेप असा की मुलांना राहू दिले तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचे झंझट मागे लागेल आणि करही भरावा लागेल. विश्वस्त कायद्याप्रमाणे इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर पूर्वपरवानगी लागते. अकरा महिन्यांच्या वास्तव्याला ती अट येत नाही. कराचे म्हणाल, तर 2024 साली जी.एस.टी. परिषदेने दरमहा दरडोई 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि किमान 90 दिवस सलग असलेल्या निवासाला सूट दिली आहे. आपण ज्या भाड्याचा विचार करू ते या मर्यादेच्या आसपासही जाणार नाही.

राहिला प्रश्न घटनापत्रातल्या त्या कलमाचा, ज्यात वसतिगृह अमुक ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याचे लिहिलेले असते. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या काळी ज्ञातीनिहाय वसतिगृहे हाच मार्ग होता. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी करविली तीही बहुतेक त्याच पद्धतीने, आणि त्यांतून हजारो मुले शिकली. पण त्यानंतर कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणि एका पंगतीला बसवून दाखवले, आणि 1940 मध्ये तिथे निवासी हायस्कूल काढले तेव्हा त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव हायस्कूल. आपल्या महाराजांच्या नावाने साताऱ्यात जे होऊ शकले, ते त्यांच्या राजधानीत आज अवघड का वाटावे? स्वतः महाराजांनी 1885 मध्ये सोनगढच्या जंगलभागात आदिवासी मुलांसाठी राहण्याच्या सोयीसह शाळा सुरू केली होती आणि 1906 मध्ये मुलींसकट सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. घटनापत्र बदलायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. तोपर्यंत ज्ञातीचे विद्यार्थी न आल्यामुळे ज्या खोल्या रिकाम्या राहतात, त्या इतर विद्यार्थ्यांना वर्षापुरत्या देण्याचा साधा ठराव पुढच्या सभेत मांडता येईल. आपली मुले आता पुण्याला, बंगळुरूला आणि परदेशात शिकतात व तिथे अनोळखी माणसांच्या घरांत राहतात. ती परत येऊन या खोल्यांत राहतील या आशेवर त्या बंद ठेवणे बरे नव्हे.

माझे मागणे मोठे नाही. ज्यांच्याकडे एक खोली बंद आहे त्यांनी ती या जूनमध्ये उघडून पाहावी, तिला खिडकी आहे का, रात्री वापरता येईल असे शौचालय आहे का आणि दाराला आतून लावता येईल अशी कडी आहे का, एवढे बघावे, आणि नसेल तर करून घ्यावे. खोली देताना दोन मुलांना मिळून द्यावी. एकट्याला शहर खायला उठते. वीज, पाणी आणि रात्रीच्या वेळेचे नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावेत, म्हणजे नंतर कोणाचा अपमान होत नाही. तालुक्यांतल्या महाविद्यालयांत माझे अनेक सहकारी अजून शिकवतात. बडोद्यात प्रवेश घेणाऱ्या मुलांची यादी जूनअखेर तयार करून आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्या यादीत मुलाचे नाव, विषय, गाव आणि महाविद्यालयातल्या एका शिक्षकाची शिफारस असेल. आडनावे आम्ही जाणीवपूर्वक लिहिणार नाही. करार करताना ती कागदावर येतीलच.

माझ्या माडीवरच्या दोघींपैकी एकीची परीक्षा गेल्या आठवड्यात संपली आणि ती गावी गेली. तिचा पलंग रिकामा आहे, पाळणा आणि मखर आता जिन्याखाली आहेत, आणि तिथे जुलैत येणारी मुलगी ठरलेली आहे. तिच्याबरोबर यादीत आजच्या घडीला आणखी अकरा जण आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका,
रावपुरा, बडोदे